वटवाघळे पुरे झाली, आता तापाचा रुग्ण तपासा

प्रति,
वन्य वटवाघळांमधील रोगजंतूंवर काम करणारे संशोधक, त्यांना निधी देणाऱ्या संस्था आणि त्यांचे निबंध छापणारे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. स्वतः गुहेत शिरून वटवाघळे पकडणाऱ्यांतला मी नाही, पण वर्गात शिकवायचे म्हणून आपले निबंध नेमाने वाचतो. गेली काही वर्षे ते वाचताना मनात एक तक्रार साचत गेली आहे, ती आज उघडपणे मांडतो.

निबंधांचा एक साचा ठरून गेला आहे. संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी जाळे लावायचे, वटवाघळे धरायची, रक्ताचा थेंब किंवा विष्ठेचा नमुना घ्यायचा, पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याची चाचणी करायची. एखाद्या जिवाणूच्या जनुकाचा तुकडा हाती लागला की शेवटच्या परिच्छेदात लिहायचे की हा जिवाणू माणसात येऊ शकतो आणि अधिक संशोधनाची गरज आहे. मग प्रसिद्धीपत्रक निघते. त्यात 'येऊ शकतो'चे 'येतो' होते आणि दुसऱ्या दिवशी बातमी झळकते की वटवाघळे अमुक रोग पसरवतात. पुढच्या वर्षीचे 'अधिक संशोधन' म्हणजे दुसरी गुहा, आणखी वटवाघळे आणि जनुकाचा आणखी एक तुकडा.

वटवाघळांमध्ये जिवाणू नसतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांची साधारण प्रत्येक पाचवी जात वटवाघळाची. त्या दाटीवाटीने राहतात, दूरवर उडतात आणि आकाराच्या मानाने खूप जगतात. ब्रांट वटवाघूळ जेमतेम सात ग्रॅमचे, पण त्या जातीतल्या एकाने रानात ४१ वर्षे काढल्याची नोंद आहे. असे प्राणी जिवाणूंपासून मुक्त असते तरच नवल. प्रश्न त्यांच्यात काय सापडते हा नाहीच. सापडलेल्या गोष्टीवरून माणसाच्या आजाराबद्दल किती बोलायचे, आणि ते बोलण्याआधी आजारी माणूस तपासायचा की नाही, हा आहे.

लेप्टोस्पायरापासून सुरुवात करतो, कारण वटवाघळांतल्या जिवाणूंपैकी सर्वांत जास्त नमुने बहुधा याच्याच शोधात घेतले गेले असावेत. हा नागमोडी, स्क्रूसारखा फिरणारा जिवाणू मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांत ठाण मांडतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तो तग धरतो. माणसाच्या अंगावरची चीर, खरचटलेली जागा किंवा डोळ्यांची आणि तोंडाची नाजूक त्वचा त्याला आत शिरायला पुरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार त्याच्यामुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे दरवर्षी सुमारे १०.३ लाख रुग्ण होतात आणि ५८,९०० जण दगावतात. इतका मोठा आजार, आणि जगाच्या अनेक भागांतल्या वटवाघळांच्या मूत्रपिंडांत त्याच्या कुळातले जिवाणू सापडलेले. तेव्हा संशय येणे साहजिक आहे.

या विषयातले मला सर्वांत आवडलेले काम हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचे आहे. तिथल्या स्थानिक, लहान चणीच्या कीटकभक्षी वटवाघळांची एक प्रसूतीवसाहत संशोधकांनी निवडली. एकदाच जाऊन नमुने गोळा करून परतण्याऐवजी त्यांनी त्या वसाहतीवर दीर्घकाळ लक्ष ठेवले. २०१५ साली निष्कर्ष आले. लेप्टोस्पायराचा संसर्ग तिथे वर्षभर सारखा नसतो, त्याला दोन उसळ्या येतात. पहिली येते गाभण माद्या एकत्र जमून वसाहत बनते तेव्हा, आणि दुसरी पिल्ले जन्मू लागल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी. दुसरीचे कारण समजण्यासारखे आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरली की उघड्यावर पडलेल्या पिल्लांचा मोठा गट एकाच वेळी जिवाणूच्या तावडीत येतो.

हे कळले की सहज ठरवता येते की गुहेखालच्या पाण्यात कोणत्या महिन्यांत उतरू नये आणि विष्ठा उपसण्याचे काम कोणत्या महिन्यांत बंद ठेवावे. एका वसाहतीकडे धीराने पाहिल्याने हे हाती लागले. एका रात्रीत पन्नास वटवाघळे पकडून आणि 'इतके टक्के बाधित' असा आकडा छापून ते कधीच लागले नसते. तो आकडा कोणत्या महिन्यातला यावर तो लहान की मोठा हे ठरते, आणि कितीतरी निबंधांच्या तक्त्यांत महिन्याचा साधा उल्लेखही नसतो. संपादकांनी हे चालवून कसे घेतले?

आणि तरीही माणसाला होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा मुख्य स्रोत उंदीर-घुशींसारखे कुरतडणारे प्राणी आणि काही पाळीव जनावरे हाच राहिला आहे. वटवाघळांत सापडणारे लेप्टोस्पायराचे वंश पुष्कळदा त्या त्या जातीच्या वटवाघळांशीच बांधलेले दिसतात. एकत्र उत्क्रांत होत गेलेले ते जुने भाडेकरू आहेत. वटवाघळाशी जोडलेल्या लेप्टोस्पायरोसिसची नोंद वैद्यकीय साहित्यात नाही असे नाही, २०१० साली एका रुग्णाची तशी नोंद प्रसिद्ध झाली. पण एवढ्या सगळ्या मूत्रपिंडांच्या तपासणीपुढे माणसांच्या बाजूचा पुरावा फार तुटपुंजा आहे. तो खरोखरच तुटपुंजा आहे की कोणी शोधलाच नाही, हे आपल्यालाच माहीत.

आता त्या जनुकाच्या तुकड्याबद्दल. वर्गात मी मुलांना सांगतो की दारात चपला दिसल्या म्हणून पाहुणा मुक्कामाला आला असे समजू नये. पीसीआर चपला दाखवते. जिवाणू जिवंत होता की मेलेला, प्राण्याच्या शरीरात वाढत होता की नुसता जाता जाता पोटातून गेला, हे तिच्यावरून कळत नाही. वटवाघळांच्या बाबतीत ही शंका जास्तच रास्त आहे. फळे खाणाऱ्या अनेक वटवाघळांच्या आतड्यातून अन्न तासाभराच्या आतच बाहेर पडते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत तर वटवाघळांच्या आतड्यातले जिवाणू इतर सस्तन प्राण्यांपेक्षा पक्ष्यांशी जास्त मिळतेजुळते निघाले. दोघेही उडणारे, दोघांनाही पोटात ओझे परवडत नाही. म्हणजे त्यांच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती इतर सस्तन प्राण्यांइतकी स्थिर मानायला फारसा आधार नाही. अशा प्राण्याच्या विष्ठेत एकदा साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू दिसला तर तो त्याने आदल्या संध्याकाळी प्यालेल्या पाण्यातला असू शकतो, चाटलेल्या फळावरचा असू शकतो, किंवा खरोखर त्याच्या आतड्यात मुरलेला असू शकतो. एका नमुन्यावरून हे तिन्ही वेगळे करता येत नाहीत. तोच प्राणी पुन्हा पकडून तपासावा लागतो.

शिवाय प्रयोगशाळेतल्या रसायनांतही जिवाणूंचा डीएनए असतो. २०१४ पासून हे सर्वांना पुराव्यानिशी ठाऊक आहे. नमुन्यात मुळातच डीएनए कमी असेल, वटवाघळाच्या कानातून काढलेला रक्ताचा थेंब असतो तसा, तर किटमधला हा बाहेरचा डीएनएच निकालात मिरवतो. कोऱ्या नमुन्याचा, म्हणजे प्राण्याचे काहीच न घालता केलेल्या तपासणीचा, निकाल सोबत न छापलेला निबंध मी आता वर्गात वाचायला देत नाही. आपण तो छापायलाही घेऊ नये.

मग खात्रीचा पुरावा कुठे आहे? आहे, आणि तो वाचतानाच मला या पत्राचा विषय सुचला.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ५९ वर्षांच्या एका पुरुषाच्या हृदयाच्या झडपेला संसर्ग झाला होता. शस्त्रक्रियेत काढलेल्या त्या झडपेत बार्टोनेला या जिवाणूची एक अनोळखी जात सापडली. तिला बार्टोनेला मायोटिमोनेन्सिस असे नाव मिळाले आणि २०१० साली ती नोंद प्रसिद्ध झाली. हा जिवाणू मुळात राहतो कुठे, याचा पत्ता तेव्हा कोणालाच नव्हता. चार वर्षांनी, २०१४ साली, फिनलंडमधल्या वटवाघळांच्या रक्तातून वाढवलेले जिवाणू त्याच जातीचे निघाले. आयोवातल्या त्या माणसाला तो नेमका कसा लागला हे कोणी पाहिलेले नाही, आणि महासागरापलीकडच्या वटवाघळांवर त्याचे खापर फोडताही येणार नाही. पण इथे दोन्ही टोके हातात आहेत. एका टोकाला आजारी माणूस, दुसऱ्या टोकाला जिवंत वाढवलेला जिवाणू.

झांबियात एका गुहेजवळ गोचीड चावलेल्या माणसाला ताप आला. त्याच्या रक्तात उलटतापाच्या, म्हणजे उतरून पुन्हा पुन्हा येणाऱ्या तापाच्या, गटातली बोरेलिया ही जिवाणूची जात निघाली. ज्या गटाशी ती जुळत होती तो तोवर अमेरिका खंडांतलाच मानला जात होता. पुढे त्याच परिसरातल्या मऊ गोचिडींत आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांतही तीच सापडली. २०१९ साली हे प्रसिद्ध झाले. रुग्ण, गोचीड, वटवाघूळ अशी अख्खी साखळी एकाच निबंधात आली.

प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियात २०१२ ते २०१९ या काळात रक्तपेशींना चिकटून राहणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूचे १५ रुग्ण ओळखले गेले. ताप, रक्तक्षय, वाढलेली प्लीहा अशी लक्षणे होती आणि त्यातले काही जण दगावले. मग तिथल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांचे रक्त तपासले, तर तोच जिवाणू त्यांच्यातही होता. नैऋत्य नायजेरियात वर्षातून दोनदा लोक ठरावीक गुहांत शिरून वटवाघळे पकडतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या कामात वटवाघळे, त्यांच्या अंगावरच्या माश्या आणि आसपासच्या गावांतली माणसे या तिघांचेही नमुने एकत्र तपासले गेले. २०४ जणांपैकी आठ जणांच्या रक्तात वटवाघळांतल्या नव्या बार्टोनेलाविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली आणि ती बार्टोनेलाच्या इतर जातींना प्रतिसाद देत नव्हती. आजार झाला होता की नाही हे त्यावरून कळत नाही, पण जिवाणू माणसापर्यंत पोहोचला होता हे नक्की.

या चार कामांत समान काय आहे ते पाहा. प्रत्येकात माणूस तपासला गेला. तीन ठिकाणी तर माणसापासूनच सुरुवात झाली आणि वटवाघूळ नंतर आले. उलट दिशेने निघालेले, वटवाघळाच्या थेंबभर रक्तापासून सुरू होऊन तिथेच संपलेले निबंध कितीतरी जास्त, आणि डॉक्टरांच्या उपयोगाची एकही ओळ त्यांतल्या बहुतेकांत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे. पैसा आणि माणसे गुहेच्या तोंडाशी पुरेशी झाली. त्यातली निम्मी तरी आता जवळच्या दवाखान्यात, तापाच्या रुग्णांच्या रांगेपाशी आणा.

घाई करावी असे हे प्रकरण आहे, कारण इथे गाठ जिवाणूंशी आहे. वटवाघळांचे नाव निघाले की सगळ्यांना विषाणू आठवतात, आणि त्यातल्या काही विषाणूंवर खात्रीचे औषध आजही नाही. जिवाणूंचे तसे नाही. लेप्टोस्पायरोसिस, उलटताप, बार्टोनेलाचा संसर्ग आणि तो रक्तातला मायकोप्लाझ्मा या सगळ्यांवर जुनी, ओळखीची प्रतिजैविके चालतात. डॉक्सिसायक्लिन तर यातल्या बहुतेकांवर कामी येते. पण ते द्यावे हे कोणाच्या तरी डोक्यात यावे लागते. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेशीभित्तिकेवर मारा करणारी पेनिसिलिन गटातली औषधे त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. आणि अनोळखी तापाला बहुतेकदा आधी तीच औषधे दिली जातात. बार्टोनेला रक्ताच्या नेहमीच्या कल्चरमध्ये सहसा वाढत नाही. लेप्टोस्पायरा खास माध्यमातही आठवडे, कधी महिने घेतो. म्हणजे नेहमीच्या तपासण्या 'काही नाही' असेच सांगत राहणार. रुग्ण गुहेत गेला होता का, छतातल्या वटवाघळांखाली झोपतो का, अंगावर गोचीड दिसली होती का, असे कोणी विचारलेच नाही तर बरा होणारा माणूस बरा होत नाही. आपल्या निबंधांनी डॉक्टरांना हे प्रश्न शिकवायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी लोकांना वटवाघळांची भीती शिकवली.

त्या भीतीचा परिणाम काय होतो तेही पाहा. बातमी वाचून कोणीतरी माळ्यावरची वसाहत हुसकावून लावतो, फटी बुजवतो, धूर करतो. वटवाघळे जातात, पण त्यांच्या अंगावरचे सगळे पाहुणे जात नाहीत. वटवाघळांच्या मऊ गोचिडी आयुष्यातला बराच काळ भिंतीच्या भेगांत काढतात आणि भूक लागली की रात्री बाहेर येतात. वटवाघूळ नाही सापडले तर खोलीतला माणूस सापडतो. वटवाघळांवरच्या आर्गस गटातल्या गोचिडी माणसाला चावल्याच्या नोंदी आहेत, आणि या गोचिडींत बोरेलिया आणि रिकेट्सिया या दोन्ही गटांतले जिवाणू सापडले आहेत. वटवाघळांवरच्या बिनपंखी माश्यांचे असे नाही. त्यांना वटवाघळाच्या फरीबाहेर फार काळ जगता येत नाही, माणसाच्या वाटेलाही त्या सहसा जात नाहीत. तेव्हा 'वटवाघळांवरचे परजीवी' असे एका दमात म्हणण्याऐवजी कोणता परजीवी घर सोडून माणसाकडे येतो हे निबंधात वेगळे लिहायला हवे. मला तर वाटते की एखाद्या माळ्यातल्या भेगांतल्या गोचिडी गोळा करून तपासणे हे शंभर वटवाघळांच्या रक्तापेक्षा जास्त उपयोगाचे काम आहे. त्यात छायाचित्र चांगले येत नाही, हे खरे.

वसाहती संपवण्याचा मार्ग विषाणूंच्या बाबतीत तर सपशेल उलटलेला आहे. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ साली खाणकामगारांना मारबर्ग या जीवघेण्या विषाणूचा संसर्ग झाला. त्यानंतर तिथली फळखाऊ वटवाघळे मारून, खाणीची तोंडे बंद करून टाकली. काही वर्षांनी वटवाघळे परत आली तेव्हा त्यांच्यातले मारबर्गचे प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त होते आणि २०१२ साली जवळपास पुन्हा साथ आली. जिवाणूंवर असा प्रयोग झालेला नाही, तो कोणी करूही नये. पण जुनी, संसर्गाला सरावलेली वटवाघळे मारली आणि जागा कोवळ्या, अजून संसर्ग न झालेल्या वटवाघळांनी भरली, तर काय होईल हे रियुनियनच्या दुसऱ्या उसळीवरून ताडता येते.

आपल्या निबंधांत आणखी एक गोष्ट मला खटकते. त्यांत वटवाघूळ नेहमी धडधाकट असते. रोग बाळगतो पण स्वतः कधीच आजारी पडत नाही, असा तो अजब प्राणी. विषाणूंच्या बाबतीत त्याला काही आधार आहे, वटवाघळांच्या शरीरात दाह उसळू न देण्याची क्षमता खरोखर विलक्षण आहे. जिवाणूंच्या बाबतीतही एका प्रयोगात जिवाणूंच्या भित्तिकेतला विषारी घटक टोचल्यावर एका जातीच्या वटवाघळांचे वजन घटले, पण ताप आला नाही आणि पांढऱ्या पेशीही वाढल्या नाहीत. हे वाचून मी चकित झालो होतो. पण त्याचा अर्थ जिवाणू त्यांना मारत नाहीत असा होत नाही. जर्मनीत २००२ ते २००९ या काळात मेलेली १९ जातींची ४८६ वटवाघळे गोळा करून एकेकाचे शवविच्छेदन केले गेले. निदान १२ टक्के वटवाघळे जिवाणू, विषाणू किंवा परजीवींच्या संसर्गाने मेली होती. मांजराच्या दातांनी जखमी झालेल्या वटवाघळांत पाश्चुरेला हा मांजराच्या तोंडातला जिवाणू सापडला. म्हणजे जिवाणू पाळीव प्राण्याकडून वटवाघळाकडे गेला. पिंजऱ्यात ठेवलेल्या फळखाऊ वटवाघळांत यर्सिनिया या जिवाणूने मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत. हे काम किचकट, वेळखाऊ आणि वास मारणारे. पण मेलेल्या वटवाघळाचे यकृत आणि फुप्फुस जे सांगते ते जिवंत वटवाघळाच्या कानातला थेंब सांगू शकत नाही.

ओघ उलटाही असतो. ऑस्ट्रेलियातल्या करड्या डोक्याच्या मोठ्या वटवाघळांत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके पोहोचली आहेत, आणि माणसांनी वाढवलेल्या, उपचार केलेल्या वटवाघळांत ती रानातल्यांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळली. ती वटवाघळे पुढे रानात सोडली जातात. इथे वाहक कोण आहे? पुनर्वसन केंद्रांत हातमोजे माणसाला वाचवण्यासाठी घालतात. प्रतिजैविके देताना आणि पिंजरे धुताना वटवाघळाला वाचवण्याचाही विचार करावा लागेल, आणि तो करायला लावणारे संशोधन आपणच करू शकता.

सामान्य वाचकही हे पत्र वाचतील, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. आकाशातून जाणाऱ्या किंवा झाडाला लटकलेल्या वटवाघळामुळे कोणाला लेप्टोस्पायरोसिस होत नाही. उघड्या हाताने वटवाघूळ उचलू नये. ते चावले, ओरबाडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरकडे जावे. तिथे काळजी जिवाणूची नंतर, रेबीज आणि त्याच्या जवळच्या विषाणूंची आधी. सुकलेली विष्ठा झाडू नये, ओली करून मग काढावी आणि नाकातोंडावर चांगला मास्क असावा. या विष्ठेच्या धुळीतून होणारा फुप्फुसाचा हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीचा आजार आहे, जिवाणूचा नव्हे. औषधही वेगळे लागते. गुहेतून आल्यावर किंवा वटवाघळांच्या वसाहतीजवळ राहताना ताप आला तर डॉक्टरांना ते न विचारताच सांगावे.

आता मागण्या. संशोधकांनी निबंधात स्पष्ट लिहावे की त्यांच्या हाती काय आले आहे: जनुकाचा तुकडा, जिवंत वाढवलेला जिवाणू, त्याच प्राण्यात पुन्हा पुन्हा आढळलेला संसर्ग, मूत्र किंवा लाळेतून बाहेर पडणारा जिवाणू, की माणसात सापडलेला तोच वंश. या पायऱ्यांमधले अंतर फार मोठे आहे आणि ते शीर्षकातही दिसायला हवे. मूत्रपिंडासाठी प्राणी मारण्याआधी वसाहतीखाली प्लास्टिक अंथरून मूत्र गोळा करता येते का ते पाहावे. ही सोपी युक्ती विषाणूंच्या अभ्यासात केव्हाच रुळली आहे. संपादकांनी महिना, वय आणि कोऱ्या नमुन्यांचे निकाल नसलेले निबंध परत पाठवावेत. प्रसिद्धीपत्रक निबंधासोबतच तपासायला मागवावे, कारण वाचक निबंध वाचत नाही, तेच वाचतो.

आणि निधी देणाऱ्यांनी पुढच्या वर्षीच्या अर्जात एक रकाना वाढवावा. ज्या वसाहतीतून नमुने घेणार आहात, तिच्या आसपासच्या निदान न झालेल्या तापाच्या रुग्णांचे रक्त कोणता दवाखाना आणि कोणती प्रयोगशाळा तपासणार आहे? तिथे दवाखान्याचे नाव आणि डॉक्टरची सही नसेल तर अर्ज अपूर्ण समजावा.

कळावे,
आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक